फोटोखालची ओळ

छायाचित्रांचे एखादे संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडण्याजोगे आहे की नाही, हे ठरवताना मी फोटोंच्या आधी त्यांच्याखालची ओळ वाचतो. फोटो कोणी काढला, कुठे काढला, कधी काढला आणि त्यात कोण किंवा काय आहे, या चार गोष्टींपैकी निदान तीन तिथे सापडल्या, तर पुढे पाहत जाण्यात अर्थ आहे असे मी धरतो. हा निकष काहींना कारकुनी वाटेल, आणि तो आहेच कारकुनी. पण देखण्या फोटोंचा दुष्काळ आता कुठेही उरलेला नाही. माळशेजचे धुके, भंडारदऱ्याचे काजवे आणि दिवेघाट चढणारी वारी रोज सकाळी शुभेच्छांसोबत न मागता फोनवर येतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले एकही चित्र डोक्यात उरलेले नसते. चित्र कुठले, कोणत्या साली काढलेले, कोणत्या बाजूने पाहिलेले, हे काहीच ठाऊक नसल्यामुळे त्याला स्मरणात अडकायला जागा मिळत नाही.

शोधयंत्रात ‘उत्तम छायाचित्रे’ एवढेच टाकून चांगली जागा सापडल्याचा माझा अनुभव नाही. तिथे कॅमेऱ्यांच्या जाहिराती आणि ‘पाहायलाच हव्यात अशा जागा’ छापाच्या याद्या वर येतात. माझी वाट उलट दिशेने जाते. विकिपीडियावर एखादा लेख वाचताना त्यातले चित्र आवडले, की त्या चित्रावर टिचकी मारायची. ते बहुधा विकिमीडिया कॉमन्स या २००४ मध्ये सुरू झालेल्या सामाईक भांडारात ठेवलेले असते, आणि तिथल्या त्याच्या पानावर छायाचित्रकाराचे नाव, तारीख, वापराचा परवाना आणि पुष्कळदा कॅमेऱ्याचा तपशील व अक्षांश-रेखांशही दिलेले असतात. नावावरून त्या माणसाच्या इतर चित्रांकडे आणि कधीकधी त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाकडे जाता येते. तिथे त्याने दुसऱ्या छायाचित्रकारांचे दुवे दिलेले असतील, तर ते मी सर्वांत आधी उघडतो. कारण जो माणूस वर्षानुवर्षे मन लावून फोटो काढत आला आहे, त्याने दुसऱ्याच्या कामाला दिलेली पसंती ही यंत्राने सुचवलेल्या यादीपेक्षा मला नेहमीच अधिक भरवशाची वाटली आहे.

कॉमन्सवर आता दहा कोटींहून अधिक फाइली आहेत, त्यामुळे नुसते भटकायला गेलेला माणूस तिथे हरवतो. त्यातल्या त्यात सोपे प्रवेशद्वार म्हणजे ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा. ती २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली; पुढच्याच वर्षी युरोपातल्या अनेक देशांनी मिळून १,६८,२०८ छायाचित्रे जमा केली आणि जगातली सर्वांत मोठी छायाचित्र स्पर्धा म्हणून गिनेसने तिची नोंद घेतली. २०१२ मध्ये भारत तीत उतरला आणि त्या वर्षीचा जागतिक पहिला क्रमांक दिल्लीतल्या सफदरजंगाच्या मकबऱ्याच्या छायाचित्राला मिळाला. बक्षिसांपेक्षा मला तिची एक अट महत्त्वाची वाटते. प्रत्येक चित्र स्मारकांच्या अधिकृत यादीतल्या एखाद्या नोंदीशी जोडावे लागते. म्हणजे ‘एक सुंदर जुने देऊळ’ असे लिहून भागत नाही. ते देऊळ नेमके कोणते, हे सांगावेच लागते.

अशी एखादी अट किंवा नेम घालून घेतलेले प्रकल्प बहुधा टिकतात आणि वाचनीयही होतात, असे माझे मत हळूहळू बनत गेले. नेम वरवर पाहता अगदी वेडगळ असला तरी चालतो. ‘डिग्री कॉन्फ्लुएन्स प्रोजेक्ट’ हा १९९६ पासून चाललेला उपक्रम घ्या. पृथ्वीवर जिथे पूर्ण अंशाचे अक्षांश आणि पूर्ण अंशाचे रेखांश एकमेकांना छेदतात, तिथे जायचे, जीपीएसवरचा आकडा दाखवणारा फोटो काढायचा, चारही दिशांचे फोटो काढायचे आणि पोहोचलो कसे ते लिहायचे. १९ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व या रेषा आपल्या नवी मुंबईच्या परिसरात मिळतात. अशा बिंदूवर ताजमहाल असण्याची शक्यता जवळपास नसते. असते ते शेत, माळ, दलदल, नाहीतर कुणाच्या तरी घराचे मागचे अंगण. पर्यटनाच्या फोटोंमध्ये कधीही न दिसणारी पृथ्वी या नेमामुळे दिसू लागते.

याच जातीचा, पण फार मोठ्या आवाक्याचा प्रकल्प म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमधला ‘जिओग्राफ’. २००५ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाने त्या बेटांच्या सरकारी नकाशांवरचा एक किलोमीटर लांबी-रुंदीचा प्रत्येक चौरस हा एक घटक मानला आणि दर चौरसातून तिथला भूगोल दाखवणारे निदान एक छायाचित्र मिळवायचे ठरवले. एखाद्या चौरसाचा पहिला फोटो देणाऱ्याला एक गुण मिळतो. गुणांचे बक्षीस काहीच नाही, तरीही त्या गुणांसाठी निवृत्त शिक्षक, डोंगर चढणारे, सायकलवरून हिंडणारे लोक पावसात चिखल तुडवत गेले. चौरसांची एकूण संख्या तीन लाखांहून अधिक आहे आणि जमा झालेली छायाचित्रे सत्तर लाखांच्या पुढे गेली आहेत.

जिओग्राफवरचे बहुतेक फोटो कलादृष्ट्या सामान्य आहेत, हे स्पष्टच सांगायला हवे. ढगाळ आकाश, कुंपण, दोन मेंढ्या, दूरवर विजेचा मनोरा. पण प्रत्येकाखाली चौरसाचा क्रमांक आहे, तारीख आहे, कॅमेरा कुठे उभा होता आणि कोणत्या दिशेला तोंड करून होता याचीही नोंद पुष्कळ ठिकाणी आहे. काही जणांनी त्या कुंपणाचा, त्या ओढ्यावरच्या पुलाचा, बंद पडलेल्या रेल्वेच्या बांधाचा इतिहास दोन-तीन परिच्छेदांत लिहिला आहे. आता वीस वर्षे उलटल्यावर त्याच चौरसाचे जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवता येतात, आणि गावातले दुकान बंद होऊन तिथे घर झाले, लाल टेलिफोनची पेटी गेली, माळावर पवनचक्क्या आल्या, हे सगळे डोळ्यांसमोर घडताना दिसते. काळाचे हे अंतर चालकांच्याही लक्षात आले. ज्या चौरसाचा पाच वर्षांत एकही नवा फोटो आलेला नाही, तिथला ताजा फोटो देणाऱ्यालाही त्यांनी वेगळा गुण देऊ केला.

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आकाराने जिओग्राफचे काम आपल्या एका राज्याएवढेच आहे. हा हिशेब मनात आला की थोडी असूया वाटते. आपल्याकडे राजगडाचा बालेकिल्ला सर्व ऋतूंत, सर्व कोनांतून टिपला गेला आहे, पण त्याच तालुक्यातल्या एखाद्या वाडीकडे जाणारा रस्ता पाच वर्षांपूर्वी कसा होता हे दाखवणारे तारीखवार चित्र मिळेल याची खात्री देता येत नाही.

इथपर्यंत खालची ओळ फोटो काढणाराच लिहितो. ती पाहणाऱ्यांनी लिहावी, ही कल्पना मात्र मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिचे ठळक उदाहरण ‘फ्लिकर’ या फोटो ठेवण्याच्या संकेतस्थळावर घडले. १६ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातली तीन हजारांच्या आसपास छायाचित्रे ‘फ्लिकर कॉमन्स’ या नावाने तिथे ठेवली आणि लोकांना त्यांत माहिती भरायचे आवाहन केले. त्यांतला एक मोठा गट न्यूयॉर्कच्या बेन न्यूज सर्व्हिसचा होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या या वृत्तछायाचित्रांच्या काचेच्या निगेटिव्हवर मथळा म्हणून अनेकदा फक्त एखादे आडनाव खरडलेले असे, आणि तेही कधीकधी चुकीच्या वर्णलेखनात. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांना एवढ्यावरून पुढे जाणे कठीण होते. लोकांनी मात्र जुनी वर्तमानपत्रे चाळली, खेळाडूंचे गणवेश ओळखले, इमारतींच्या कमानी जुळवल्या, आणि कोण, कुठे, कोणत्या दिवशी याची उत्तरे पुराव्यासह मांडली. ग्रंथालयाने ती तपासली आणि त्याच वर्षाच्या आत आपल्या अधिकृत सूचीतल्या पाचशेहून अधिक नोंदी त्यांच्या आधारे सुधारल्या. पुढे जगभरातल्या अनेक संस्था या उपक्रमात आल्या.

त्यांपैकी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे पान मी सर्वांत जास्त वाचले आहे. हो, वाचले आहे, कारण तिथे फोटोइतकाच मजकूर असतो. एखादे जुने चित्र येते, बरोबर एखादा प्रश्न असतो, आणि नेहमीची मंडळी कामाला लागतात. कुणी १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची पाने उघडून दुकानाच्या पाटीवरच्या नावाचा मालक शोधतो, कुणी आजच्या रस्त्याचे गूगलवरचे दृश्य शेजारी ठेवून धुराडी मोजतो, कुणी सावलीच्या लांबीवरून वेळ काढतो. तर्क चुकतात, दुसरा कुणी ते सौजन्याने खोडतो, आणि दिवसअखेर चित्राचे साल बऱ्याच वेळा निश्चित होते. ज्यांना इतिहासाचे साधन म्हणून छायाचित्र कसे वाचावे हे शिकायचे आहे, त्यांनी कोणत्याही अभ्यासक्रमाआधी इथे काही संध्याकाळी घालवाव्यात असे मी सुचवेन.

एका संपादकाने निवडलेल्या छायाचित्रांची संकेतस्थळे हा वेगळा प्रकार आहे. बॉस्टन ग्लोबसाठी ॲलन टेलर यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ‘द बिग पिक्चर’ वृत्तसंस्थांचेच फोटो दाखवत असे, पण मोठ्या आकारात, एकाखाली एक, प्रत्येकाखाली नीट मथळा देऊन. टेलर २०११ मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये गेले आणि तिथे ‘इन फोकस’ या नावाने तेच काम त्यांनी पुढे नेले. न्यूयॉर्क टाइम्सचे ‘लेन्स’ २००९ ते २०१९ अशी दहा वर्षे चालले. त्याने २ मे २०१० रोजी, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले असताना, जगभरातल्या वाचकांना एकाच क्षणी एक फोटो काढायला सांगितले होते आणि दहा हजारांहून अधिक फोटो त्याच्याकडे आले. कल्पना झकास होती. तरीही तो संग्रह मी फारसा पुन्हा पाहिलेला नाही. एका क्षणाचे धागे इतके सैल होते की एक चित्र दुसऱ्याला काही सांगत नव्हते.

भारतात या दृष्टीने दोन उपक्रमांनी मला सर्वाधिक काही दिले. पहिला मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’. लोकांनी आपल्या घरातला जुना फोटो पाठवायचा आणि त्यातल्या माणसांची हकिकत लिहायची, एवढेच त्याचे स्वरूप आहे. आपल्या घरांतल्या अल्बमांत स्टुडिओत काढलेली आजी-आजोबांची जोडी, शाळेचा गटफोटो, बदलीच्या गावचे सरकारी घर, असे फोटो असतातच. बाहेरच्या माणसाला त्यांत पाहण्यासारखे काही नसते. पण नात किंवा पुतण्या जेव्हा लिहितो की आजोबा फाळणीत कुठून आले, आजीने कोणती नोकरी धरली, शेजारी उभी असलेली मुलगी पुढे कोणाच्या घरी दिली, तेव्हा तोच फोटो त्या काळाचा कागद होतो. पाठ्यपुस्तकातल्या इतिहासात न बसणारी स्थलांतरे, आंतरजातीय विवाह, बंद पडलेले धंदे तिथे कुटुंबाच्या आवाजात येतात. नेपाळमध्ये ‘फोटो सर्कल’ या संस्थेने उभे केलेले ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ याच वाटेने जाते, आणि त्यातला स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा विभाग आवर्जून पाहण्यासारखा आहे.

दुसरा उपक्रम पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला ‘पारी’, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’. तिथले बहुतेक साहित्य मराठीतही वाचता येते, त्यामुळे इथे त्याची ओळख करून देण्याची तशी गरज नाही. पण त्यातल्या चेहऱ्यांच्या विभागाबद्दल मात्र लिहायला हवे. भारतातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसांचे चेहरे जमवावेत, हा त्यामागचा संकल्प. फोटो साधे, समोरून काढलेले असतात. त्यांच्याखाली माणसाचे नाव, व्यवसाय, गाव आणि फोटोची तारीख असते. ग्रामीण भारताच्या छायाचित्रांत ‘एक शेतकरी’, ‘पाणी वाहणारी स्त्री’, ‘हसणारे बालक’ असे मथळे पाहत आपण वाढलो. फोटो काढणाऱ्याचे नाव ठळक आणि ज्याचा काढला तो निनावी, हा व्यवहार आपल्याला कधी खटकलाही नाही. पारीने तो उलटवला. त्याच संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी सुरू केलेल्या त्या कामातून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. मुळशी तालुक्यातल्या बाया जात्याशी बसलेल्या दिसतात, खाली त्यांचे नाव आणि गाव असते, आणि त्यांचा आवाजही ऐकता येतो. तिथे छायाचित्र एकटे उभे राहत नाही, आणि त्यामुळे त्याचे वजन वाढते.

फोटोखालची ओळ खरी आहे की नाही हे तपासणारा कोणी असावा लागतो, हा पुढचा प्रश्न. तो सर्वांत काटेकोरपणे सोडवला आहे निसर्ग-छायाचित्रणातल्या मंडळींनी. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ शेकडो हौशी छायाचित्रकारांच्या फोटोंवर चालते, परंतु फोटो पाठवला की लगेच दिसला असे तिथे होत नाही. जाणकार तो पाहतात, जात बरोबर ओळखली आहे याची खात्री करतात, ठिकाण आणि तारीख मागतात, आणि मग तो त्या जातीच्या पानावर जातो. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनचे, म्हणजे आपल्या राणी पाकोळीचे, पान उघडले तर अंड्यापासून पंख सुकवणाऱ्या फुलपाखरापर्यंतच्या अवस्था वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या लोकांनी टिपलेल्या दिसतात. कोणाही एका माणसाच्या कॅमेऱ्याला हे जमले नसते. फोटो सुंदर आहे म्हणून तिथे त्याला सूट मिळत नाही, हे मला फार आवडते.

आता थोडे अप्रिय विषयाकडे. या जागा कायमच्या नसतात. २००५ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेले ‘पॅनोरामिओ’ हे ठिकाणांच्या फोटोंचे संकेतस्थळ गूगलने २००७ मध्ये घेतले, त्यावरचे फोटो गूगल अर्थच्या नकाशावर दिसू लागले, आणि पुढे २०१६ मध्ये ते बंद करण्यात आले. मुक्त परवान्याखाली, म्हणजे इतरांनाही वापरता येतील अशा अटीवर, ठेवलेली पुष्कळशी चित्रे स्वयंसेवकांनी वेळेवर विकिमीडिया कॉमन्सवर हलवली. परवान्याचे महत्त्व इथे कळते: बाकीच्या चित्रांना, ती कितीही चांगली असली तरी, कोणी परस्पर हात लावू शकत नव्हते. फ्लिकर याहूकडून २०१८ मध्ये स्मगमग या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि लवकरच फुकट खात्यांवर एक हजार फोटोंची मर्यादा आली. २०१३ मध्ये आवडत्या संकेतस्थळांवरचे नवे साहित्य एका जागी दाखवणारे गूगल रीडर बंद झाल्यावर तर अनेकांनी आपली वाचनाची यादीच गमावली. मी अजूनही तसाच एक फीडवाचक वापरतो; फीड म्हणजे संकेतस्थळाने आपल्या नव्या नोंदींची आपोआप पुरवलेली यादी. आवडलेल्या संकेतस्थळाची फीड त्यात टाकली की नवे चित्र आले की समजते, आणि आपल्याला काय दाखवायचे हे दुसरे कोणी ठरवत नाही. जिथे फीड नाही, फोटो मूळ आकारात उघडत नाही आणि तारीख ‘तीन आठवड्यांपूर्वी’ अशी मोघम दाखवली जाते, तिथे कितीही मोठे छायाचित्रकार असले तरी माझे जाणे आपोआप कमी होते.

नव्याने या नादाला लागणाऱ्याला मी विकिमीडिया कॉमन्सवरच सुरुवात करायला सांगेन, आणि तीही फोटो न चढवता. २०१९ पासून तिथल्या प्रत्येक चित्राला वेगवेगळ्या भाषांत छोटा मथळा देता येतो. आपल्या तालुक्याची किंवा गावाची चित्रे एकत्र दाखवणारे वर्गपान उघडून पाहिले, तर मराठी मथळ्याची जागा बहुतेक चित्रांना रिकामी दिसते. देवळाबाहेर मांडून ठेवलेले वीरगळ आणि सतीशिळा यांच्या फोटोंना तर अनेकदा नुसते ‘दगडी शिल्प’ असे लेबल असते, कारण फोटो काढणारा वाटसरू होता आणि विचारायला जवळ कोणी नव्हते. ते काय आहे, देऊळ कोणाचे आहे, गावाचे नाव काय आणि शिळा देवळाच्या कोणत्या बाजूला आहे, एवढे तिथल्या माणसाला सहज लिहिता येते. खाते उघडायला पाच मिनिटे लागतात, आणि एखादा तपशील खात्रीचा नसेल तर तेवढी जागा मोकळी सोडली तरी चालते. पुढे कोणीतरी ती भरतो.